क्युबेनचा डायएस्टर हातात येईपर्यंत

जून २०२२ मध्ये सरांनी फळ्यावर एक ठोकळा काढला, त्याच्या तिरक्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना एस्टरचे दोन हात जोडले आणि म्हणाले, "पुढची तीन वर्षं तुला हे लागणार आहे. विकत घ्यायचं की इथे करायचं, ते बघून मला सांग." त्या रात्री मी हॉस्टेलवर बसून शोधत होते, की आपल्याकडच्या कुणा विद्यार्थ्याने हे करताना काय काय झालं ते लिहून ठेवलंय का. पेपर भरपूर मिळाले. पण दिव्याचं इंडेंट, म्हणजे खरेदीची मागणी, परत आलं तर काय करायचं किंवा गुरुवारी पाणी बंद असताना रिअ‍ॅक्शन थंड कशी ठेवायची, हे पेपरमध्ये लिहिलेलं नसतं. म्हणून आता सगळं झाल्यावर मीच लिहिते आहे.

आधी हा ठोकळा काय आहे ते सांगते. घनाच्या आठ कोपऱ्यांवर आठ कार्बन, आणि प्रत्येकावर एकेक हायड्रोजन. हा क्युबेन. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवरच्या हायड्रोजनऐवजी एस्टर, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल जुळून होणारा गट, बसवला की तो त्याचा डायएस्टर. चार बंध करणाऱ्या कार्बनला १०९.५ अंशांचा कोन सोयीचा असतो. इथे त्याला ९० अंशांत दाबून बसवलेलं असतं. त्यामुळे रेणूत मोलमागे सुमारे १६० किलोकॅलरी इतका ताण साठतो. १९६४ साली शिकागो विद्यापीठात फिलिप ईटन आणि थॉमस कोल यांनी तो पहिल्यांदा बनवला, तोवर असा रेणू टिकणारच नाही असं मानणारे बरेच होते. प्रत्यक्षात तो टिकतो, आणि चांगला टिकतो. नुसत्या उष्णतेने तो उघडायचा तर एकाच वेळी दोन बंध ज्या तऱ्हेने तुटावे लागतात, ती वाट कक्षकांच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन राहतात त्या जागांच्या, सममितीमुळे बंद असते. ताण आहे, पण बाहेर पडायला सोपं दार नाही. म्हणून दोनशे अंशांपर्यंत तो शांत बसतो.

आम्हाला तो हवा होता औषधांसाठी. बेंझिनच्या कड्यातल्या समोरासमोरच्या दोन कार्बनांमधलं अंतर २.७९ अँगस्ट्रॉम, आणि क्युबेनच्या दोन टोकांच्या कोपऱ्यांमधलं २.७२. हे साम्य बघून, औषधातलं बेंझिन काढून तिथे क्युबेन बसवता येईल, असं ईटननीच सुचवलं होतं. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मंडळींनी हे पाच रेणूंवर करून पाहिलं. औषध किंवा शेतीतलं रसायन म्हणून आधीच ओळखीचे असलेले हे रेणू होते. पाचांपैकी दोनांत क्युबेनचं रूप मूळ रेणूपेक्षा सरस ठरलं, दोनांत बरोबरीचं आणि एकात काम अर्धवट झालं. आमचा प्रकल्प याच वाटेवरचा.

विकत घ्यायचं कोटेशन आलं ग्रॅममागे साडेअठरा हजार, वर आयात, आणि माल यायला दहा आठवडे. मला किमान पाच ग्रॅम लागणार होते. सरांना सांगितलं, करूया. कागदावर सात पायऱ्या होत्या आणि एकही पायरी एकेकटी अवघड नव्हती. मी सहा महिने धरले होते. लागलं पूर्ण वर्ष.

पहिला अडथळा सुरक्षा समितीचा. जुलैमध्ये अर्ज दिला आणि आठवड्याभरात बोलावणं आलं. समितीतल्या कुणीतरी 'क्युबेन' शोधलं होतं आणि समोर ऑक्टानायट्रोक्युबेन आलं होतं. आठही कोपऱ्यांवर नायट्रो गट असलेला तो रेणू २००० साली प्रसिद्ध झाला आणि तो स्फोटक म्हणूनच ओळखला जातो. प्रश्न रास्त होता. मी चार पानी टिपण लिहून दिलं: आम्ही नायट्रो आणि अझाइड रूपांच्या वाटेला जाणार नाही, डायएस्टर हा या कुटुंबातला हाताळायला सर्वांत सोयीचा भाऊ आहे, आणि प्रत्येक नवीन रेणूचं दोन-तीन मिलिग्रॅमवर डीएससी (तापवताना किती उष्णता बाहेर पडते ते मोजणारी चाचणी) केल्याशिवाय तो अर्ध्या ग्रॅमच्या वर बनवणार नाही. तीन आठवड्यांनी सही झाली. तुम्ही असं काही सुरू करणार असाल तर हे टिपण समितीने मागायच्या आधीच जोडा. माझा एक महिना वाचला असता. शिवाय ते लिहिताना माझी स्वतःची भीती कमी झाली, कारण कशाला घाबरायचं आणि कशाला नाही हे पहिल्यांदाच नीट वेगळं झालं.

दुसरा अडथळा दिव्याचा. पाचव्या पायरीला मीडियम प्रेशर मर्क्युरी लॅम्प लागतो. ४५० वॉटचा दिवा, त्याचा पॉवर सप्लाय आणि दिवा आत सोडायची दुहेरी भिंतीची काचेची विहीर, असा संच. ऑगस्टमध्ये इंडेंट टाकलं. तीन कोटेशन हवी होती, दोनच आली. तिसरं आलं तोवर पहिल्याची मुदत संपली आणि फाइल परत माझ्या टेबलावर. मग पहिल्या विक्रेत्याकडून नव्या तारखेचं कोटेशन, पुन्हा सही, पुन्हा फाइल. ऑर्डर निघाली १८ नोव्हेंबरला, एक लाख बत्तीस हजारांची, करासकट. आता कोटेशन मागवताना मेलमध्येच लिहिते, मुदत किमान १२० दिवस ठेवा. विक्रेते ठेवतात, फक्त सांगावं लागतं. विहीर मात्र आम्ही विकत घेतली नाही. संस्थेतल्या ग्लासब्लोअर काकांनी पायरेक्सची बनवून दिली. त्यांच्याकडे नुसतं चित्र घेऊन जाऊ नका, दिवा आल्यावर दिवाच घेऊन जा. काकांनी तो हातात घेऊन व्यास मोजला आणि म्हणाले, "पोरी, चित्रात चार मिलिमीटर कमी दाखवलेत." चित्रावरून केली असती तर दिवा आत गेलाच नसता.

दिव्याची वाट बघत बसण्यापेक्षा सप्टेंबरमध्येच मी आधीच्या पायऱ्या सुरू केल्या. सायक्लोपेंटॅनोन आणि एथिलीन ग्लायकॉलपासून कीटल, म्हणजे कीटोनवर तात्पुरतं टोपण घातलेलं रूप, हे एमएस्सीच्या पोरांनाही जमेल. पाणी काढायला डीन-स्टार्क हा काचेचा सापळा लावायचा, मग डिस्टिलेशन. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

ब्रोमिनबद्दल मात्र सविस्तर सांगते. कीटलच्या एका मोलला तीन मोल ब्रोमिन लागतो. ६४ ग्रॅम कीटलला २४० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ ७७ मिली. एवढा ब्रोमिन मी आयुष्यात एकत्र पाहिला नव्हता. ड्रॉपिंग फनेलमध्ये ओतल्यावर तो काळपट लाल, जड दिसतो आणि वरच्या मोकळ्या जागेत नारिंगी धूर साठतो. त्या दिवशी सकाळी मी नीट खाल्लंही नव्हतं. सीनियर ताईने सोडियम थायोसल्फेटचं दोन लिटर द्रावण करून बादलीत ठेवलं, माझ्या हातात दोन जोड ग्लोव्हज चढवले आणि साडेचार तास शेजारी उभी राहिली. रिअ‍ॅक्शन डायऑक्सेनमध्ये होते. उष्णता बरीच निघते म्हणून मी बर्फाचं बाथ लावलं, आणि पंधरा मिनिटांत फ्लास्कच्या भिंतीला आतून पांढरे स्फटिक चढले. मला वाटलं प्रॉडक्ट खाली पडतंय. ताईने तापमान बघितलं आणि बर्फ बाजूला केला. डायऑक्सेन बारा अंशांच्या जरासं खालीच गोठतं! भिंतीला गोठलेल्या थरात ब्रोमिन अडकून राहतो आणि थर वितळला की सगळा एकदम रिअ‍ॅक्ट होतो. तेव्हा बाथ बारा ते पंधराच्या मध्ये ठेवा, त्याच्या खाली नेऊ नका. हायड्रोजन ब्रोमाइडच्या वाफा अल्कलीच्या सापळ्यातून जाऊ द्या, आणि डायऑक्सेनची जुनी बाटली असेल तर आधी पेरॉक्साइडची पट्टी बुडवून बघा.

त्या रात्री आईचा फोन आला, "झालं का गं तुझं ते?" मी म्हटलं, दुसरी पायरी झाली. "किती आहेत?" सात. ती थोडी थांबली आणि म्हणाली, "जेवलीस का?"

तिसरी पायरी मला सगळ्यांत सुंदर वाटते. ट्रायब्रोमाइडमधून मिथेनॉलमधल्या अल्कलीने हायड्रोजन ब्रोमाइड काढून घेतलं की ब्रोमोसायक्लोपेंटाडायिनोनचा कीटल तयार होतो. तो एकटा राहूच शकत नाही. तयार झाला रे झाला की दुसऱ्या स्वतःसारख्याच रेणूला डिल्स-ऑल्डरने (दुहेरी बंधांतून नवी कडी जोडणारी रिअ‍ॅक्शन) जाऊन चिकटतो, आणि तोही बरोबर त्याच बाजूने, ज्या बाजूने पुढे ठोकळा मिटवता येईल. आपण काही करायचं नसतं. गडद तपकिरी मिश्रण पाण्यात ओतलं की रवाळ पूड खाली बसते. मी ती मिथेनॉलने तीनदा धुतली. पहिल्यांदा गाळण्यातून आलेला द्रव चहासारखा होता, तिसऱ्यांदा जवळजवळ स्वच्छ. ५० ग्रॅम मिळाले, म्हणजे निम्मं यिल्ड (हिशोबाने मिळायला हवा त्याच्या निम्मा माल). डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हे झालं. चौथ्या पायरीत तीव्र सल्फ्युरिक आम्लात दीड दिवस ढवळून कीटलची टोपणं काढली आणि बर्फावर ओतलं. टोपणं गेलेला, दोन कीटोन गट असलेला ३३ ग्रॅम डायकीटोन आला.

दिवा आला ९ जानेवारी २०२३ ला. बसवून, वायरिंग तपासून, चिलर जोडून चालू करायला फेब्रुवारी उजाडला. ही पाचवी पायरी म्हणजे पिंजऱ्याचं झाकण लावणं. डायकीटोनमध्ये दोन दुहेरी बंध समोरासमोर येऊन बसलेले असतात. त्यांच्यावर अतिनील प्रकाश पडला की दोघं मिळून चार कार्बनांची कडी होते. उष्णतेने हे होत नाही, प्रकाशानेच होतं. पेपरमध्ये या पायरीचं यिल्ड फार छान लिहिलेलं असतं, म्हणून मी निर्धास्त होते.

१० ग्रॅम टाकले. पहिल्या दिवशी आठ तास दिवा चालवला. रात्री चालू ठेवायची परवानगी नव्हती, आणि ते योग्यच आहे. दुसऱ्या दिवशी आठ, तिसऱ्या दिवशी सात. रोज थोडा नमुना काढून एनएमआर (रेणूतले हायड्रोजन कुठे कुठे आहेत ते रेघांनी दाखवणारी चाचणी) करायचा आणि तिच्या पट्टीवर सहा ते आठ पीपीएममधले दुहेरी बंधाचे पीक कमी झालेत का ते बघायचं. पहिल्या दिवशी निम्मे झाले. दुसऱ्या दिवशी किंचित कमी. तिसऱ्या दिवशी जिथल्या तिथे. मी लॅम्पला दोष दिला, सॉल्व्हंट बदलला, नायट्रोजन जास्त वेळ सोडला. दोन आठवडे असे गेले आणि त्या खटाटोपात ४ ग्रॅम माल गेला. तेव्हा रोज संध्याकाळी लॅबमधून निघताना मला ही वाट आपल्याला जमणार नाही असं अगदी खरंखरं वाटायचं.

कारण सापडलं ते मी विहीर बाहेर काढून खिडकीशी धरली तेव्हा. चहाच्या पातेल्याला आतून बसतो तसा तपकिरी पातळ थर काचेवर बसला होता. डायकीटोनमधल्या थोड्याशा अशुद्धीचं प्रकाशाने डांबर होतं आणि ते दिव्याच्या सर्वांत जवळच्या काचेवर, म्हणजे नेमकं प्रकाश यायच्या जागीच चिकटतं. दिवा व्यवस्थित जळत होता, पण उजेड आत पोचतच नव्हता. त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. डायकीटोन पुन्हा एकदा स्फटिकीकरणाने शुद्ध केला. आणि दर तीन तासांनी दिवा बंद करून, पूर्ण गार होऊ देऊन, विहीर बाहेर काढून अ‍ॅसिटोन आणि मऊ कापडाने पुसली. दहा ग्रॅमची बॅच दहा तासांत संपली.

पाण्याचंही सांगून ठेवते. दिवा चालू असताना विहिरीच्या भिंतीतून थंड पाणी सतत फिरलं पाहिजे. नळाच्या पाण्यावर अवलंबून राहू नका. पुण्यात बरेचदा गुरुवारी देखभालीसाठी पाणी बंद असतं, हे पुणेकरांना सांगायला नको. एका गुरुवारी मी चिलर दुरुस्तीला गेलाय म्हणून नळ जोडला होता आणि सकाळी अकराला नळी सुकली. मी समोर होते म्हणून लगेच दिवा बंद केला. फ्लो स्विच लावला तर पाणी थांबताच दिवा आपोआप बंद होतो. आमचा तीन हजार आठशेला आला. गॉगल अतिनीलसाठीचाच हवा, साधा प्लॅस्टिकचा नव्हे. फ्लास्कभोवती अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा आणि दाराला पाटी लावा. माझा गॉगल मी स्वतःच्या पैशांतून घेतला, बिल नंतर कंटिन्जन्सीत, म्हणजे फेलोशिपसोबतच्या किरकोळ खर्चाच्या निधीत, टाकलं. तेव्हा फेलोशिप महिना ३१ हजार होती आणि दोन महिन्यांची थकलेली होती, त्यामुळे बाविसशे रुपयेही जाणवले.

एप्रिलअखेर सगळा माल प्रकाशातून निघाला. आता सहावी पायरी, कडी आकसवणारी फॅवर्स्की रिअ‍ॅक्शन. ईटन आणि कोल यांच्या कल्पनेचं सगळं मर्म या पायरीत आहे असं मला वाटतं. आतापर्यंत तयार झालेल्या पिंजऱ्यात काही कड्या पाच कार्बनांच्या आहेत, म्हणजे ठोकळा अजून फुगलेला आहे. सोडियम हायड्रॉक्साइडच्या तीव्र द्रावणात उकळलं की ब्रोमिन निघून जातो, पाचाची कडी आकसून चाराची होते आणि कार्बोनिलचा (ऑक्सिजनशी दुहेरी बंध असलेला) कार्बन कडीबाहेर जाऊन कार्बॉक्सिलिक आम्ल होतो. दोन्ही बाजूंना हे झालं की घन पूर्ण.

उकळताना मिश्रण काळंकुट्ट होतं. मी घाबरून सरांना फोटो पाठवला. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, "रंगाकडे बघू नकोस, तीन तास होऊ दे." मग बर्फात ठेवून, दहा अंशांच्या वर जाऊ न देता, थेंबथेंब हायड्रोक्लोरिक आम्ल. फेस खूप येतो, म्हणून बीकर तिप्पट मोठा घ्या. सामू दोनच्या खाली गेल्यावर त्या काळ्या पाण्यात फिकट बदामी पूड दिसायला लागली. आधी कडेला, मग सगळीकडे. गाळली, धुतली, वाळवली. ९.४ ग्रॅम. या पायरीसाठी काचेचे घासलेले जोड वापरत असाल तर टेफ्लॉनची बाही घाला. अल्कलीने जोड इतके घट्ट धरतात, की आमचा एक कंडेन्सर फ्लास्कसकट काकांकडे न्यावा लागला.

शेवटची पायरी मिथेनॉल आणि आम्लधर्मी रेझिनची, रात्रभर रिफ्लक्स, म्हणजे वाफ थंड होऊन परत आत पडेल असं उकळणं. मग गाळून, मिथेनॉलमधून स्फटिक. १४ जून २०२३ ला दुपारी एनएमआर केला. वर्षभर मी दाटीवाटीचे, एकमेकांवर चढलेले, अर्थ लावता लावता डोळे दुखतील असे स्पेक्ट्रम बघत होते. या स्पेक्ट्रममध्ये दोनच रेघा होत्या. ३.७१ ला एक आणि ४.२४ ला एक, दोन्ही सहा-सहा हायड्रोजनच्या, सरळ, कुठेही न फुटलेल्या. पहिली दोन मिथॉक्सींची. दुसरी ठोकळ्याच्या सहा मोकळ्या कोपऱ्यांची, सगळे कोपरे एकसारखे म्हणून एकच रेघ. मी खुर्चीत बसून राहिले. एनएमआर चालवणाऱ्या दादांनी विचारलं, "नमुना चुकला का?" मी म्हटलं, नाही दादा, बरोबर आहे. वजन ७.६ ग्रॅम, वितळणबिंदू १६१ अंशांच्या आसपास, पांढरेशुभ्र स्फटिक. कामगार आणि वीज सोडून हिशोब केला तर रसायनं आणि सॉल्व्हंट मिळून खर्च अठ्ठावीस हजारांच्या आत बसला. दिवा वेगळा, पण तो पुढच्यांनाही उपयोगी आहे.

जुलैमध्ये फिलिप ईटन गेल्याची बातमी आली. सरांनी ग्रुप मीटिंगमध्ये त्यांचा १९६४ चा पेपर पडद्यावर लावला आणि आम्ही तो ओळ न ओळ वाचला. त्या वेळच्या उपकरणांवर त्यांनी हे केलं होतं, आणि मी नुकतीच त्याच वाटेने चालून आले होते, म्हणून प्रत्येक वाक्यामागे किती दिवस गेले असतील ते मला कळत होतं.

त्यानंतरचं काम अजून चालू आहे, तरी एक चूक सांगायलाच हवी. डायएस्टरचा एकच हात सोडवून अर्धा एस्टर, अर्धं आम्ल करणं सोपं आहे. एक मोल अल्कली मोजून घातली की झालं. पुढे एका मालिकेत मी आम्लाला बेंझिल एस्टरने झाकलं आणि शेवटी नेहमीच्या सवयीने पॅलेडियम-कार्बनवर हायड्रोजन देऊन ते काढायला गेले. बेंझिल निघालं, पण ४.२४ ची रेघही गेली आणि तिच्या जागी १.५ ते ३ मध्ये झुडूप उगवलं. पॅलेडियमवर हायड्रोजनने ठोकळ्याचे बंधच उघडले होते. ४०० मिलिग्रॅम गेले, म्हणजे माझे तीन आठवडे. उष्णतेला बंद असलेलं दार धातूला उघडं असतं. चांदीचे क्षार क्युबेनला क्युनेन नावाच्या दुसऱ्या पिंजऱ्यात बदलतात, ऱ्होडियम तो उघडतो, आणि हे १९७० पासून माहीत आहे. मीही वाचलं होतं, पण हात सवयीने गेला. आता आम्ही टर्ट-ब्युटिल एस्टर वापरतो आणि क्युबेनच्या फ्युमहूडवर लाल अक्षरांत धातूंची यादी लावली आहे.

आतापर्यंत अकरा रेणू चाचणीला गेले आहेत. पहिल्या चार निकालांत दोन मूळ रेणूइतकेच चालले, एक पाण्यात जास्त विरघळला पण काम कमी केलं, आणि एकाचा निकाल पुन्हा करायचा आहे. लॅबमध्ये नवीन आलेली मुलगी पुढच्या महिन्यात दुसरी बॅच सुरू करते आहे, या वेळी कीटलच्या दीडपट मापावर. दिव्याची वही मी तिच्या टेबलावर ठेवली आहे. प्रत्येक वेळी किती तास चालला, विहीर कधी पुसली आणि चिलरचं पाणी कधी बदललं, ते तारखांसकट त्यात आहे. बेरीज २१४ तासांवर थांबली आहे.